अर्धवट साक्ष

माळशेज घाटात धुकं इतकं दाट होतं की चालकाने एसटीचे दिवे लावले आणि खिडकीबाहेरचा डोंगर नाहीसा झाला. संगमनेरहून मी उजाडायच्या आत निघाले होते. शाल कानांवरून घेतलेली, मांडीवर बहिणीसाठी नेलेली बाजरीच्या पिठाची पिशवी. गाडीच्या वळणांबरोबर डोळे मिटत होते, उघडत होते. कधी वाटायचं आपण खाली उतरतो आहोत, कधी वाटायचं आपण आहोत तिथेच आहोत आणि ढगच वर चालले आहेत.

ओतूरला चढलेल्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “कुठवर जायचं?”

“ठाण्याला. बहिणीकडं.”

“घसा लई बसलाय तुमचा. मधात आल्याचा रस घ्या.”

“बसलेला नाही,” मी म्हटलं. “आता असाच आहे.”

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि सोललेल्या संत्र्याच्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

लग्न होऊन संगमनेरला आले तेव्हापासून मी आमच्या मंडळीत भजनं म्हणत आले. आमच्या चर्चमध्ये पेटी, तबला आणि झांजा एवढंच. पण नाताळात, लग्नात, मातीला, सगळीकडे मला बोलावणं असायचं. गेल्या वर्षी स्वरयंत्राजवळ गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, गाणं आलं नाही. वरचे सूर लागत नाहीत आणि खालचे खरखरतात. गाठ साधी निघाली, जीव वाचला, याबद्दल मी देवाचे आभार मानले. पण गाणं गेल्यापासून माझ्या प्रार्थनेला चव उरली नव्हती. शब्द तोंडात यायचे आणि कोरड्या भाकरीसारखे तिथेच अडकायचे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

अशात करुणाचा फोन आला. करुणा माझी धाकटी बहीण. तिचे यजमान विजयराव ठाण्यातल्या एका मोठ्या, नव्या मंडळीच्या कमिटीवर आहेत. मंडळीचा वर्धापनदिन होता आणि त्यांना मी साक्ष द्यायला हवी होते. (साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं.) मी हो म्हटलं. मनात आलं, इथे कोरडं पडलंय, तिथे मोठ्या मंडळीत काहीतरी पोटात पडेल.

मुरबाड मागे पडलं तसं ऊन आलं. शहाडच्या पुलावरून उल्हास नदी दिसली, म्हणजे नदी दिसलीच नाही. पाण्यावर जलपर्णी पसरली होती, हिरवीगार, सपाट, आणि तिच्यावर बगळे निवांत चालत होते. झोपेतून नुकती उठलेली मी क्षणभर त्याला शेतच समजले.

करुणाचं घर कोलशेतला, एका उंच इमारतीत. तिच्या गॅलरीतून खाडी दिसते. पलीकडच्या काठाला तिवरांची (खारट चिखलात वाढणाऱ्या झाडांची) लांबच लांब रेघ, मध्ये करड्या रंगाचं पाणी, आणि मागे वळलं की येऊरचे डोंगर. संध्याकाळी आम्ही दोघी खाडीवर फिरायला गेलो. रस्त्याच्या एका बाजूला काचेचे मनोरे आणि दुसऱ्या बाजूला जुन्या गावाची कौलं, होड्या, वाळत घातलेली जाळी. एका कोळीणबाईंनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं.

“निवट्या हायत, बाय. आताच्या भरतीच्या.”

निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरणारे छोटे मासे. करुणाने घेतले आणि रात्री आंबट कालवण केलं. विजयराव जेवताना भरभरून बोलत होते. मंडळी कशी वाढली, कळव्याहून, डोंबिवलीहून लोक कसे येतात, एका बंद कारखान्याच्या शेडचं त्यांनी उपासनेचं सभागृह कसं केलं. माणूस प्रेमळ. मला आग्रह करकरून भात वाढत होते. करुणा त्यांच्या प्रत्येक वाक्याला हसून मान डोलवत होती.

शनिवारी सकाळी तालमीला गेलो. शेड आतून गार आणि अंधारी होती, फक्त स्टेजवर जांभळा प्रकाश. त्या प्रकाशात उभं राहिलं की समोरच्या खुर्च्या दिसत नाहीत. आपण पाण्याखाली उभे आहोत असं वाटतं.

विजयराव म्हणाले, “ताई, थोडक्यात सांगायचं. आवाज पूर्ण गेला होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मंडळीने उपास करून प्रार्थना केली आणि आवाज परत आला.”

“आणि ऑपरेशन?”

“ते राहू द्या. ऑपरेशन म्हटलं की लोकांचं लक्ष डॉक्टरांकडे जातं. आपल्याला गौरव देवाला द्यायचाय ना?”

“पण डॉक्टरांनी आशा सोडली नव्हती, विजयराव. ते तर मला काळजी करू नका म्हणत होते.”

विजयराव समजुतीने हसले. “स्टेजवर एवढे तपशील पोचत नाहीत, ताई. मग तुम्ही एक भजन म्हणायचं.”

“म्हणू कशी? वरचा सूर लागत नाही.”

“त्याची सोय केलीय.” त्यांनी मागे बसलेल्या साउंडवाल्या गृहस्थांना खूण केली.

आणि त्या अंधाऱ्या शेडच्या चारी कोपऱ्यांतून माझा आवाज आला. माझा जुना आवाज. आमच्याकडच्या कुठल्याशा मेळाव्यात कोणीतरी ध्वनिमुद्रित केलेलं भजन. मागे पेटी, आणि तिच्यावरून तरंगत गेलेली मी. वरच्या सुरावर जाऊन मी तिथे थांबले होते, निवांत, काही कष्ट नसल्यासारखी.

साउंडवाले म्हणाले, “ट्रॅक सुरू झाला की फक्त ओठ हलवायचे, मॅडम. तुमचा माइक मी बंद ठेवतो. काही कळत नाही कोणाला. मोठेमोठे करतात.”

मला राग यायला हवा होता. तो आला नाही. मला फक्त तो आवाज हवा होता. उद्या संध्याकाळी, त्या जांभळ्या प्रकाशात, निदान एका भजनापुरता तो पुन्हा माझा होणार होता. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. “ठीक आहे, बघू,” म्हणाले, आणि सगळ्यांनी ते हो धरलं.

मोहन्याला माझी एक मैत्रीण राहते, शांता. नगरला डी.एड.ला आम्ही एका वसतिगृहात होतो. तिला भेटून रविवारी दुपारपर्यंत परत येते असं सांगून मी जेवण झाल्यावर निघाले. ठाण्याहून बसने कल्याण, आणि कल्याणहून शेअर रिक्षा. रिक्षात पुढे चालकाच्या शेजारी एक आजोबा कोंबडी घेऊन बसले होते. ती मान वळवून सबंध वाटभर माझ्याकडे बघत राहिली. मी तिची नजर चुकवत होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मलाच हसू आलं.

मोहने म्हणजे जुन्या रेयॉन कारखान्याचं गाव. कारखाना कधीचाच बंद आहे. धुराशिवायचं धुराडं नुसतं उभं असतं, भिंतींवर पिंपळ उगवलेत, आणि दुपारच्या उन्हात सगळा परिसर डुलकी काढत असल्यासारखा दिसतो. शांताचे यजमान तिथेच कामाला होते. ते गेले, शांता नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झाली आणि तिथेच राहिली.

तिने मला दारातच मिठी मारली. “आवाज काय गं हा? बिड्या ओढायला लागलीस की काय, मंगल?”

कितीतरी महिन्यांत माझ्या आवाजावर कोणी थट्टा केली नव्हती. मी खरखरत हसले आणि तीही.

संध्याकाळी आम्ही नदीकडे गेलो. जलपर्णीत जांभळी फुलं आली होती. मी विचारलं, “तुमची उपासना कुठं असते?”

“माझ्या पुढच्या खोलीत. कंपनी होती तेव्हा हॉल मिळायचा.” ती म्हणाली, “बंद झाली ना, तेव्हा आम्ही दर रविवारी साक्ष द्यायचो. देव दार उघडतोय, देव दार उघडतोय. दार काही उघडत नव्हतं. हळूहळू लोक यायचेच बंद झाले. लाज वाटायची त्यांना. मग एका रविवारी हे उठले आणि म्हणाले, मला देवाचा राग आलाय. मी घाबरले. पाळकही घाबरले. पण त्या दिवशी पहिल्यांदा सगळे मोकळं रडले. आणि पुढच्या रविवारी खोलीत जागा पुरली नाही.”

“मग आता साक्ष देत नाही कोणी?”

“देतात. अर्धवट असते. जेवढं झालंय तेवढंच सांगायचं, असं ठरलंय आमचं.”

रविवारी सकाळी खोलीत सतरंजी अंथरली. लोक चपला काढून, एकमेकांना सलाम करून बसत गेले. काही कुटुंबं, दोन-तीन एकटी माणसं. खिडकीतून ऊन सतरंजीवर पडलं होतं आणि त्यात धूळ इतकी सावकाश फिरत होती की मी तिच्याकडेच बघत राहिले. एक भजन झालं, शास्त्रपाठ झाला. मग सगळे गप्प बसले. ही शांतता मला आधी अवघड वाटली, मग नाही.

भालेरावकाका बोलले. तेही कारखान्यातलेच, आता ऐंशीकडे झुकलेले. “माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रार्थना करतोय. ह्या आठवड्यातही फोन आला नाही.” एवढं बोलून ते थांबले. कोणी आमेन म्हणून ओरडलं नाही, कोणी धीर दिला नाही. शेजारच्या माणसाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, इतकंच.

मग प्राची नावाची मुलगी बोलली. ती डोंबिवलीला एका दवाखान्यात नर्स आहे. “मी ह्या आठवड्यात प्रार्थनाच केली नाही. ड्युटी करून आले की नुसती पडायचे. आज आलेय मात्र.”

“बरं केलंस,” शांता म्हणाली.

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. त्यामुळेच असेल, मी बोलायला लागले. गाठ, नाशिक, डॉक्टर. कोरडी पडलेली प्रार्थना. मग जांभळा प्रकाश आणि चारी कोपऱ्यांतून आलेला तो आवाज. “आज संध्याकाळी त्यावर ओठ हलवायचेत,” मी म्हटलं, “आणि मला ते करावंसं वाटतंय. मला तो आवाज फार आवडला.”

खोलीत कोणी दचकलं नाही. भालेरावकाकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “आत्ताच्या आवाजात एक कडवं म्हणा ना. आम्हाला तो जुना माहीतच नाही.”

मी म्हटलं. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीत जिथे सूर वर चढतो तिथे माझा आवाज फाटला आणि विरला. मी थांबणार होते. पण त्या जागेवर प्राचीने सूर उचलला, मग शांताने, मग सगळ्यांनी, आणि खाली जिथे पुन्हा मला जमणार होतं तिथे ते हळू झाले. पुढच्या कडव्यातही तसंच. वर ते, खाली मी. मी डोळे मिटले होते. मला वाटलं नदीवरची ती हिरवी साय बाजूला सरली आणि खाली खरंच पाणी आहे, चालतं आहे. किती महिन्यांनी घशाखाली काहीतरी उतरलं.

नंतर तिथेच जेवणं झाली. प्रत्येक घराने काही आणलं होतं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. मी दोनदा वाढून घेतलं. निघताना शांताने विचारलं, “काय करणार आहेस?”

“फोनवर सांगितलं तर विजयरावांना वाईट वाटेल. समोर जाऊन सांगते.”

सभागृहाबाहेर मांडव घातला होता, गुलाबपाण्याचा वास येत होता. विजयराव नवा कोट घालून धावपळ करत होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

“मी स्टेजवर येईन. पण ऑपरेशनचं सांगेन, डॉक्टरांचे आणि देवाचे आभार मानीन, आणि ह्याच आवाजात म्हणेन. फाटला तर फाटला.”

विजयराव म्हणाले, “ताई, लोक लांबून येतात. त्यांना काहीतरी घेऊन जाऊ दे की घरी.”

“मीही तेच घ्यायला आले होते, विजयराव.”

त्यांनी कपाळ चोळलं. “मग राहू द्या. तुम्ही समोर बसा आरामात.” रागाने नाही, दमलेल्या माणसासारखं म्हणाले. मला ते रागापेक्षा जास्त लागलं.

कार्यक्रम सुरू झाला. मी आणि करुणा दुसऱ्या रांगेत होतो. गाणी झाली, टाळ्या झाल्या. मग एक गृहस्थ साक्ष देऊ लागले; छान बोलत होते. मध्येच करुणा उठली आणि बाहेर गेली. मीही तिच्या मागे गेले. ती न थांबता खाडीच्या रस्त्याने चालत होती. सूर्य येऊरच्या मागे गेला होता. भरती चढत होती, पाण्यावर अजून उजेड रेंगाळला होता, आणि पलीकडची तिवरं पाण्यातून वर आल्यासारखी दिसत होती.

धक्क्याच्या कठड्याला टेकून ती म्हणाली, “गेल्या वर्षी त्याच स्टेजवर मी उभी होते, ताई. तुला सांगितलं नाही मी. मी म्हणाले, खूप निराशेचा आजार होता, देवाने सोडवलं, गोळ्या कचऱ्यात टाकल्या.”

“टाकल्या होत्यास?”

“हो. मग इतकं वाईट झालं की परत सुरू कराव्या लागल्या. विजयला माहीत आहे, दुसऱ्या कोणाला नाही.”

“आता कसं आहे?”

“असतं कसंतरी. काही दिवस उठवत नाही.” तिचा चेहरा परवाच्या जेवणावेळच्यासारखाच हसरा होता; तो तिला काढून ठेवता येत नव्हता. “पण मी बरी झाले असं सांगून बसलेय ना सगळ्यांना. आता माझ्यासाठी प्रार्थना करा, असं कोणाला सांगू?”

मी तिचा हात धरला. तो गार होता. लहानपणी ती आजारी पडली की आई तिला माझ्याच अंथरुणात झोपवायची, ती आता पन्नाशीची झाली होती आणि तिच्याकडे सांगायला माणूस नव्हतं.

“मी करू?” मी विचारलं.

“कर. मोठ्याने नको.”

मी हळू आवाजात प्रार्थना केली. तिला बरं कर म्हटलं, आणि बरं व्हायला वेळ लागणार असेल तर तोवर तिला एकटी ठेवू नकोस म्हटलं. गोळ्यांसाठीही आभार मानले. करुणा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मग तिचा चेहरा तिचा झाला. थकलेला, सुजलेला, ओळखीचा.

परत फिरताना ती म्हणाली, “तिकडे तुमच्या मंडळीत सांगितलंस तरी चालेल. त्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवलेल्या नाहीत.”

सोमवारी विजयरावांनी मला गाडीने एसटी स्टँडवर सोडलं. गाडी थांबवल्यावर स्टिअरिंगवरचे हात न काढता त्यांनी विचारलं, “ती बोलली तुमच्याशी?”

“बोलली.”

“मला भीती वाटते, ताई. लोक म्हणतील, ह्याच्या घरातच प्रार्थना लागू पडत नाही.” त्यांचे डोळे भरले होते. “बोलली ते बरं झालं.” मग उतरून त्यांनी माझी पिशवी एसटीत चढवून दिली आणि ती हलेपर्यंत ते खिडकीखाली उभे राहिले.

मोहन्याचा पत्ता मी करुणाला दिला आहे. ती जाईल की नाही मला माहीत नाही.

माळशेज परतताना स्वच्छ होता. डोंगर आपापल्या जागी होते, दरीत खाली वाड्या दिसत होत्या. मी विचार करत होते की ठाण्याच्या त्या शेडमध्ये आणि शांताच्या खोलीत नेमका फरक काय. दोन्हीकडे तोच देव, तेच शास्त्र, भजनंही बरीचशी तीच. विजयरावांच्या मंडळीत वाईट माणूस मला एकही भेटला नाही. पण तिथे फक्त भरलेलं ताट दाखवायची मुभा होती, आणि रिकामं ताट घेऊन आलेल्याने ते पाठीमागे लपवायचं होतं. लपवलेल्या ताटात वाढणार कोण? माझी बहीण वर्षभर अशी त्या गर्दीत उपाशी बसली होती, आणि आणखी एका भजनाने मीही तिच्या शेजारी जाऊन बसले असते.

पुढच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, “मंगलबाई, ठाण्याची साक्ष कशी झाली?”

“झाली नाही,” मी म्हटलं आणि उभी राहिले. आमच्याकडेही साक्ष म्हटलं की शेवट गोड असायचा. “माझी धाकटी बहीण बरी नाही. मनाचा आजार आहे. औषधं चालू आहेत, आम्ही प्रार्थना करतो, आणि ती अजून बरी झालेली नाही. तिने सांगायला सांगितलंय. एवढंच आहे.”

पंख्याचा आवाज येत राहिला. मग पुढच्या बाकावरच्या रिबेकाबाई, ज्यांना कानाने कमी ऐकू येतं आणि ज्या उपासनेत बहुतेक वेळ डुलक्या घेतात, त्या काठीवर भार देऊन माझ्याकडे वळल्या.

“नाव काय तिचं?”

“करुणा.”

“मोठ्यानं सांग, बाई. मला रोज प्रार्थनेत घ्यायचंय.”

मी माझ्या फाटक्या आवाजात, जमेल तेवढ्या मोठ्याने, पुन्हा सांगितलं.